ब्रांडेनबुर्गच्या शेतावरचं बायो राय पीठ: घ्याच, पण पिशवीवरचं साल बघून

आधी निकाल सांगते म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. पीठ घ्या. बर्लिनच्या दक्षिणेला ब्रांडेनबुर्गमधे एका छोट्या बायो, म्हणजे सेंद्रिय शेताचं होफलाडेन आहे, होफलाडेन म्हणजे शेतावरच चालवलेलं दुकान, तिथून मी गेली काही वर्षं रायचं फोलकोर्न, म्हणजे अख्ख्या दाण्याचं पीठ आणतेय आणि माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे येईल. राय म्हणजे फोडणीतली राई नव्हे बरं का, गव्हाच्या भावकीतलं धान्य आहे, इथे रोगेन म्हणतात, जर्मनीतला तो काळपट आंबट ब्रेड याचाच.

आता ती सालाची गोष्ट. आपल्या बर्लिनच्या मराठी ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी हमखास विचारतं की राय पीठ आणलं, गेल्या वेळी भाकरी मस्त झाली आणि यावेळी नुसता चिकट लगदा, माझं काय चुकलं? मग खाली सगळे पाणी कमी कर, तवा नीट तापव, उकड जास्त काढ असं सांगत बसतात. बऱ्याचदा करणाऱ्याचं काहीच चुकलेलं नसतं, काढणीच्या वेळी शेतात पाऊस पडलेला असतो. रायच्या पिठात त्या सालचं हवामान जसंच्या तसं उतरतं, ज्वारीपेक्षा आणि गव्हापेक्षाही जास्त, आणि हे दुकान मला आवडायचं मुख्य कारण हेच की ते लोक हे लपवत नाहीत, पिशवीवरच लिहून देतात.

पिशवी साधी, तपकिरी कागदाची, अडीच किलोची. त्यावर हाताने स्टॅम्प मारलेला असतो, पीक कुठल्या वर्षाचं, दळलं कुठल्या तारखेला, आणि एक आकडा फालत्साल म्हणून. हा आकडा समजून घ्या, फार कामाचा आहे. लॅबमधे पीठ आणि पाणी एका काचेच्या नळीत घालून उकळत्या पाण्यात ठेवतात, ढवळतात, आणि मग एक दांडी त्या खळीसारख्या झालेल्या पिठातून खाली जायला किती सेकंद लागतात ते मोजतात. पीठ घट्ट तर दांडी हळू उतरते आणि आकडा मोठा येतो, पीठ पातळ झालं तर दांडी पटकन खाली आणि आकडा छोटा. पातळ कधी होतं, तर दाण्याला शेतातच मोड यायला लागले असतील तेव्हा, कारण मोड येताना दाण्यात जे एन्झाइम जागं होतं ते स्टार्च तोडून त्याची साखर करतं. रायच्या बाबतीत १२० च्या खाली आकडा आला की ब्रेडसाठी ते धान्य अवघडच, बहुतेक जनावरांच्या खाद्यात जातं. आणि फार वर, अडीचशेच्या पुढे गेला तरी ब्रेड कोरडा, भेगाळलेला होतो. मधलं बरं.

सुपरमार्केटच्या पिशवीवर हा आकडा मला तरी कधी दिसला नाही. तिथे ९९७, ११५०, १३७० असे टाइप नंबर असतात, तो वेगळा प्रकार, शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते त्यावरून ठरतो, म्हणजे कोंडा किती राहिलाय एवढंच कळतं. फोलकोर्नला टाइप नंबर नसतोच, अख्खा दाणा दळलेला. दाणा शेतात भिजला होता का हे टाइप नंबरवरून कळत नाही.

आता शेताबद्दल, कारण मला पीठ आवडायला लागलं ते शेत बघितल्यावर. जमीन बघून मी चाटच पडले. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, आमच्याकडे ज्वारी येते ती काळ्या खोल जमिनीत, पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर अख्खी रब्बी निघते, वरून पाण्याचा थेंब नाही पडला तरी. इथली जमीन म्हणजे सरळ वाळू. मुठीत घेतली तर बोटांतून निसटते, ओली असली तरी गोळा होत नाही. पूर्वी या भागाला साम्राज्याची वाळूपेटी म्हणायचे ते काही उगाच नाही. पाणी टिकत नाही, खत टिकत नाही, वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आकडा आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या जवळ जाणारा, फक्त इथे तो बारा महिने थोडा थोडा पडतो. अशा जमिनीत गहू नीट येत नाही. राय येतं, कारण मुळं खोल जातात, आम्लधर्मी माती चालते, आणि थंडी तर असली सोसतं की विचारू नका, उणे वीस अंशालाही रोपं मरत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरमधे पेरायचं, हिवाळ्याआधी फुटवे फोडून घ्यायचे, बर्फात पडून राहायचं, आणि पुढच्या जुलै-ऑगस्टला काढायचं. जवळपास दहा महिने शेतात उभं असतं, त्यामुळे प्रत्येक ऋतूचा फटका किंवा फायदा त्याला मिळतो.

शेतावर गाई आहेत, गोठ्यात पेंढ्याचं अंथरूण, आणि ते शेण-मूत-पेंढा सगळं एकत्र कुजवलेलं शेणखत हेच खत. रासायनिक काही नाही, बायोच्या नियमात नत्राचं रासायनिक खत चालतच नाही. रायच्या आधी त्या शेतात एक-दोन वर्षं क्लोव्हर (बरसीमच्या जातीचा चारा) आणि गवताचं मिश्रण असतं, ते गाई खातात आणि क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत बसवतात, आपल्याकडे ज्वारीआधी मूग-उडीद घेतात तसंच. शेणखतावर इथे कायद्याची पण कडक नजर असते, जनावरांच्या खतातून वर्षाला हेक्टरी जास्तीत जास्त १७० किलो नत्र, त्यापुढे नाही, आणि भर हिवाळ्यात, १ डिसेंबर ते १५ जानेवारी, शेणखत शेतात टाकायलाच बंदी, कारण तेव्हा पीक काही उचलत नाही आणि सगळं झिरपून भूजलात जातं. वाळूत तर जास्तच.

मालकीणबाई उत्साहाने सगळं दाखवतात, मी व्हिडिओ कॉलवर अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, शेत दाखवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "एकरी काय पडतंय?" बाईंना विचारलं. गंमत म्हणजे इथले शेतकरी पण क्विंटलमधेच बोलतात, शंभर किलोचं माप, फक्त हेक्टरला. त्या म्हणाल्या बऱ्या सालात पंचवीस ते तीस, वाईट सालात पंधरा पण धड नाही. म्हणजे एकरी दहा-बारा क्विंटल, आणि वाईटाला सहा. जर्मनीतली सगळ्या प्रकारच्या शेतांची मिळून सरासरी हेक्टरी पन्नास क्विंटलच्या वर असते, तिच्यात चांगली जमीन, रासायनिक खत आणि हायब्रीड बियाणं सगळं आलं. अण्णांनी लगेच विचारलं की मग शेणखत वाढवायचं ना. हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्याचं उत्तर कळल्यापासून मी या पिठाकडे वेगळ्या नजरेने बघते.

एक तर शेणखत हे काही युरिया नाही की टाकलं आणि आठवड्यात पीक हिरवंगार. त्यातला बराचसा नत्र सेंद्रिय रूपात अडकलेला असतो, मातीतले जीवाणू तो हळूहळू सोडतात, पहिल्या वर्षी थोडाच हिस्सा पिकाला मिळतो आणि बाकीचा पुढची कितीतरी वर्षं. जीवाणूंना ऊब पण लागते आणि ओल पण. एप्रिल थंड गेला तर नत्र उशिरा सुटतो, आणि नेमकं तेव्हाच रायला तो हवा असतो कारण ते गव्हाच्या आधी वाढायला लागतं. एप्रिल-मे कोरडे गेले तर मातीत खत असूनही सुटत नाही, ते पुढे जूनअखेरीस पाऊस पडल्यावर सुटतं तेव्हा पिकाची वेळ निघून गेलेली असते. आणि हिवाळा उबदार-पावसाळी गेला तर उलटं, नत्र पिकाआधीच सुटतो आणि वाळूतून खाली वाहून जातो. म्हणजे तेच शेत, तेवढंच शेणखत, पण पिकाला त्यातलं किती मिळणार हे पाऊस आणि ऊन ठरवतात.

दुसरं, जास्त घालणं रायला सोसत नाही. हे पीक माणसाच्या उंचीपर्यंत वाढतं, नत्र जास्त झाला की दांडे लुसलुशीत होतात आणि जूनच्या वादळी पावसात आडवं पडतं. आडवं पडलेलं राय जमिनीला टेकून ओलं राहतं आणि ओंबीतच मोड. म्हणजे उत्पादन वाढवायला घातलेलं खत ओल्या सालात पीठच खराब करतं. आणि गव्हाला प्रोटीन हवं म्हणून नत्र हवा असतो, ग्लुटेन म्हणजे ते चिवट प्रोटीन नाही तर ब्रेड फुगत नाही. रायचा ब्रेड ग्लुटेनवर उभाच नसतो, त्यात पेंटोसान नावाचे चिकट तंतू असतात जे पाणी धरून ठेवतात आणि स्टार्च त्याला आधार देतो, त्यामुळे कमी नत्रावर वाढलेल्या रायचं पीठ भाजायला अजिबात कमी नसतं. शेणखतावरच्या शेतीला राय एवढं जुळतं ते यामुळे. बायो गव्हाचा ब्रेड कधीकधी बसका होतो, बायो रायचा त्या कारणाने होत नाही.

मग शेणखताचा खरा उपयोग काय? तर पायाखालची जमीन सांभाळणं. याचा सगळ्यात भारी पुरावा इथून ट्रेनने थोड्याच तासांवर आहे, हाले शहरात. तिथल्या विद्यापीठात शेतीशास्त्र उभं करणारे युलिउस क्यून यांनी १८७८ मधे एका शेतात प्रयोग लावला, दरवर्षी त्याच जागी फक्त राय, एका पट्ट्याला दरवर्षी शेणखत, एकाला रासायनिक खतं, आणि एकाला काहीच नाही. 'एविगर रोगेनबाऊ' म्हणतात त्याला, कायमची राय लागवड. तो प्रयोग आजही चालू आहे!! दोन महायुद्धं झाली, देशाचे तुकडे झाले, परत जोडले गेले, आणि त्या पट्ट्यांवर राय पेरलं जातंय. १९६१ पासून शेताचा काही भाग मका आणि बटाट्याला दिला, पण सलग रायचा भाग राखून ठेवला. शेणखताच्या पट्ट्याला हेक्टरी १२ टन, म्हणजे एकरी पाच टनाच्याही आत, आपल्याकडे चांगला शेतकरी एवढं सहज टाकतो.

तिथे काय दिसलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. काहीच न घातलेल्या पट्ट्यावर पीक कमी झालं, पण शून्य कधीच झालं नाही, इतक्या वर्षांनीही राय तिथे उभं राहतं, असलं चिवट धान्य. शेणखताच्या आणि रासायनिक खताच्या पट्ट्यांचं उत्पादन साधारण बरोबरीने चालतं. पण मातीतला सेंद्रिय कर्ब शेणखताच्या पट्ट्यात ठळकपणे जास्त. आणि तरीसुद्धा सगळ्या पट्ट्यांचं उत्पादन सालागणिक वरखाली होतं, हाले तसं कोरडंच, हार्त्स डोंगराच्या पर्जन्यछायेत, पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर. शेणखत घातलं म्हणून दुष्काळ जाणवलाच नाही असं कुठेही होत नाही. मला स्वतःला हे वाचून बरं वाटलं, कारण बायोच्या दुकानांत लोक फार मोठमोठे दावे करतात, सेंद्रिय खत घातलं की पीक कुठल्याही हवामानाला पुरून उरतं वगैरे. तसं नसतं. कर्ब वाढला की माती थोडं जास्त पाणी धरते, दोन पावसांमधला खंड थोडा जास्त सोसते, आणि वाळूच्या जमिनीत तेवढंही फार असतं, पण पूर्ण मे महिना कोरडा गेला तर शेणखत पाऊस पाडू शकत नाही. बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाचे पण ट्यूरो नावाच्या गावात, अगदी असल्याच वाळूत, १९३७ पासून असे दीर्घकाळचे प्रयोग चालू आहेत. या भागातल्या शेतकऱ्यांना हाले पेक्षा ते जवळचे, कारण हालेची माती वाळूपेक्षा पुष्कळ बरी आहे.

हवामान नेमकं कुठे कुठे मारतं ते मालकीणबाईंनी शेताच्या बांधावर उभं राहून सांगितलं होतं आणि तेव्हापासून मी बर्लिनच्या खिडकीतून पाऊस बघताना पण रायचा विचार करते. एप्रिल-मे कोरडा: फुटवे सुकून जातात, ओंब्याच कमी. मेच्या मध्याला इथे शेवटची हिवाळी थंडी येते, ती ओंबी बाहेर पडताना सापडली तर ओंबीत दाणे भरतच नाहीत. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला फुलोरा, आणि इथे राय गव्हापेक्षा नाजूक, कारण गहू स्वतःच्याच परागाने फळतो आणि रायला शेजारच्या झाडाचा पराग वाऱ्याने यावा लागतो. त्या दिवसांत सकाळी ऊन आणि वारा असेल तर पिकावरून पिवळसर धुरासारखा पराग उठतो, मी एकदा बघितलाय, पूर्ण शेत धुमसतंय असं दिसतं. पण त्याच आठवड्यात थंडी आणि रिपरिप असेल तर पराग उडत नाही, फुलं उघडी राहतात आणि त्यात अरगट नावाचा बुरशीचा रोग शिरतो.

अरगट आपल्याला बाजरीमुळे माहितीय, आपल्याकडे बियाणं मिठाच्या पाण्यात बुडवून वर तरंगलेलं फेकून देतात ते यासाठीच. रायवरचा अरगट म्हणजे दाण्याच्या जागी जांभळट काळं, लांबट, उंदराच्या लेंडीसारखं काहीतरी, आणि तो खरंच विषारी, मध्ययुगात यानं युरोपातली गावंच्या गावं आजारी पडायची. आज धान्य चाळून, रंग ओळखणाऱ्या मशीनमधून काढून साफ करतात आणि युरोपात त्याच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. पण फोलकोर्न थेट शेतातून घेत असाल तर दुकानात बिनधास्त विचारा की साफसफाई कुठे करता. या शेताचं धान्य दळायच्या आधी बाहेर मोठ्या मशीनवर साफ होऊन येतं, मी विचारलं तेव्हा त्यांनी कागद काढून दाखवला. जो दुकानदार या प्रश्नावर चिडतो त्याच्याकडून पीठ घेऊ नका, एवढं ठाम सांगते.

मग जूनची उष्णता, दाणा भरताना तापलं की दाणे बारीक. आणि शेवटी जुलैअखेरचा पाऊस, त्याचं वर सांगितलंच.

दोन सालांच्या पिशव्या मी एकापाठोपाठ वापरल्यात म्हणून फरक लिहू शकते. २०२२ चा उन्हाळा कोरडा होता. त्या पिकाचं पीठ फिकं करडं, हाताला कोरडं, पाणी पितच राहायचं, झाउअरटाइगमधे म्हणजे आंबवलेल्या पिठात घातलं की अर्ध्या तासाने परत पाणी घालावं लागे. ब्रेड छान उंच, पण दुसऱ्या दिवशी कडेने भुगा. भाकरी मात्र नंबर एक, उकळत्या पाण्यात उकड काढून, झाकून ठेवून, मग मळून थापली तर कडा न फाटता गोल, आणि तव्यावर टम्म फुगायची. २०२३ ला काढणीच्या तोंडावर, जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टच्या सुरुवातीला, इथे पाऊस थांबेचना, उत्तर जर्मनीत सगळीकडे मशीन शेताबाहेर उभी. त्या पिकाच्या पिशवीवर फालत्साल १२० च्या जेमतेम वर होता. पीठ दिसायला तसंच, वासाला तर जरा गोडसरच, पण पाणी घातलं की काही मिनिटांत सैल पडायला लागे. त्याचीच उकड काढली तर ती पळीवरून मधासारखी ओघळली. कारण रायचं स्टार्च कमी तापमानाला फुलतं आणि नेमकं त्याच तापमानाला ते मोड आणणारं एन्झाइम जोरात असतं, म्हणजे उकड काढताना आपण त्याला हवं तेच वातावरण देतो. अशा पिठाची भाकरी उकडीची करूच नका. त्यात निम्मी ज्वारी किंवा बेसन घालून कोमट पाण्यात थालीपीठ लावा, कांदा-कोथिंबीर-तीळ, तव्यावर भोकं पाडून तेल सोडून, आणि काय सुंदर होतं म्हणून सांगू, त्या गोडसरपणामुळे खरपूस रंग येतो. ब्रेड करायचा तर आंबवण जास्त, पाणी कमी, कारण आंबटपणाने ते एन्झाइम दबतं. जर्मन लोक रायच्या ब्रेडला आंबवण घालतात त्यामागे चव आहेच पण हे पण मोठं कारण आहे.

आणि हे पण लिहिते की ओल्या सालात या दुकानात पीठ कमी किमतीत होतं आणि पाटीवर स्पष्ट लिहिलेलं, यंदाचं पीठ चिकट आहे, आंबवण वाढवा. असं किती दुकानदार लिहितात!

चव म्हणाल तर मातकट, किंचित आंबूस, मागून गोड. ज्वारीची भाकरी ती ज्वारीचीच, माझ्यासारखीला माहेरच्या ज्वारीशी बरोबरी करणारं काही मिळणार नाही, पण बर्लिनच्या इंडियन स्टोरमधे ज्वारीचं जे पीठ मिळतं ते कधी दळलंय कळत नाही, बऱ्याचदा कडसर लागतं आणि थापताना तुकडे पडतात. त्यापेक्षा आठवड्यापूर्वी दळलेलं राय कधीही चांगलं. पिठल्याबरोबर, ठेच्याबरोबर, पातीच्या कांद्याबरोबर झकास. एक महत्त्वाचं, राय ग्लुटेन-फ्री नाही. ग्लुटेन कमी आणि वेगळं असलं तरी असतं, सीलिअ‍ॅक असलेल्यांनी हात लावू नये, ज्वारीसारखं समजून कोणी आजीला घालू नका.

आता तो अर्धा स्टार. एक म्हणजे अडीच किलोच्या खाली पिशवीच नाही, आणि फोलकोर्न पीठ, त्यात अख्ख्या दाण्यातलं तेल असतं, उन्हाळ्यात दोन महिन्यांत खवट व्हायला लागतं, एकटं राहणाऱ्या विद्यार्थ्याने एवढं करायचं काय. (दाणे घेऊन घरी दळता येतात, दाणे वर्षभर आरामात टिकतात, ज्यांच्याकडे छोटी घरघंटी आहे त्यांनी तेच करावं.) दुसरं म्हणजे खराब सालात माल संपतो. शेवटचे दोन-तीन महिने शेल्फ रिकामं, कारण बाहेरून दुसऱ्याचं धान्य आणून ते आपल्या पिशवीत भरत नाहीत. तत्त्व म्हणून मला हे पटतं, पण जुलैमधे पाहुणे आलेत आणि पीठ नाही, तेव्हा त्रास होतो. तिसरं, कुरिअरने मागवू नका, ज्या कंपनीने ते पाठवतात तिने माझी पिशवी एकदा फाटलेली, टेप लावून आणून दिली, निम्मं पीठ खोक्यात. दुकानाने मेल केल्यावर दुसऱ्याच दिवशी पैसे परत केले, त्यांची तक्रार नाही.

किंमत किलोला साधारण अडीच युरो पडते, सुपरमार्केटच्या साध्या राय पिठाच्या दुप्पटीहून जास्त. ज्यांना दरवेळी एकच रेसिपी, एकच माप, एकसारखा ब्रेड हवा त्यांनी सुपरमार्केटचंच घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. मोठ्या गिरण्या वेगवेगळ्या भागांतलं धान्य मिसळून आकडा जुळवून आणतात, एका ठिकाणचं भिजलेलं आणि दुसरीकडचं कोरडं, त्यामुळे पीठ वर्षभर सारखं राहतं आणि तेही कौशल्याचंच काम आहे. पण एका शेताचं पीठ खायचं म्हटलं की त्या शेतावर जे घडलं ते सगळं ताटात येणार. मला ते आवडतं. माझ्या मुलीला आता माहितीय की मे महिन्यात पाऊस पडला पाहिजे, बर्लिनमधे वाढलेल्या मुलीला हे माहिती असणं मला फार मोलाचं वाटतं.

त्या अडीच युरोंमधे काय काय आहे हे पण बघा. हेक्टरी पन्नास काढणारा आणि पंचवीस काढणारा, दोघांची नांगरणी, पेरणी, काढणी, डिझेल जवळपास सारखंच. शिवाय गाई सांभाळायच्या, क्लोव्हरच्या वर्षांत त्या शेतातून धान्य निघतच नाही. आणि शेणखताने माती जी सुधारते ती एवढी सावकाश की आज घातलेल्याचा पूर्ण हिशोब पुढच्या पिढीला मिळणार. बाईंनी सांगितलं की त्यांच्या सासऱ्यांच्या वेळेपासून ज्या तुकड्यावर नियमित शेणखत पडतंय तिथे कोरड्या सालात राय आठवडाभर जास्त हिरवं राहतं, आणि मागाहून घेतलेल्या तुकड्यावर आधी पिवळं पडतं, बांधावर उभं राहिलं की रेष दिसते. मला त्यांनी दाखवली, डोळ्यांनी दिसण्यासारखी होती.

दुकान आठवड्यातून थोडेच दिवस उघडं असतं, जायच्या आधी मेल टाका, उत्तर देतात, इंग्रजीतून पण चालतं. रोख पैसे ठेवा, बाई शेतात असल्या तर दारात डबा असतो, त्यात पैसे टाकून पिशवी उचलायची. स्टेशनवरून सायकल लागते, बस शनिवारी-रविवारी जवळजवळ नाहीच. नवं पीक सप्टेंबरच्या सुमारास दळायला घेतात, कारण काढल्यावर काही आठवडे धान्याला विश्रांती देतात. तेव्हा ऑगस्टमधे गेलात तर आधीच्या सालाचं, शिल्लक असेल तर, मिळेल, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधे गेलात तर दोन्ही सालांच्या पिशव्या शेजारीशेजारी असतात. भाकरीसाठी ज्याचा फालत्साल मोठा ती उचला, ब्रेडसाठी दीडशे ते दोनशेच्या दरम्यानची, आणि थालीपिठासाठी जी स्वस्त असेल ती.